आहार, दाह आणि मन : साहचर्य व कारण

‘ड-जीवनसत्त्वाच्या अभावामुळे विषण्णता येते’ हे विधान अलीकडे वारंवार कानी येते. या विधानाचा सारा भार ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययावर आहे. तो त्याला पेलतो काय, हे तपासणे अगत्याचे ठरते.

विषण्णतेच्या रुग्णांच्या रक्तात हे जीवनसत्त्व सरासरीने कमी आढळते, हे खरे. परंतु ते मुख्यत्वेकरून उन्हाच्या योगे त्वचेत तयार होते. आणि विषण्ण मनुष्य बहुधा घराबाहेर पडत नाही, नीट जेवत नाही. तेव्हा अभाव हे रोगाचे कारण की परिणाम, याचा निर्णय केवळ साहचर्यावरून होत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

असा प्रयोग अमेरिकेत झाला. आरंभी विषण्णता नसलेल्या, ५० वर्षे व त्यापुढील वयाच्या १८,३५३ स्त्रीपुरुषांपैकी काहींना रोज २,००० एकके ड-जीवनसत्त्व, तर इतरांना तशीच दिसणारी निःसत्त्व गोळी सुमारे पाच वर्षे देण्यात आली. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत विषण्णतेचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. अर्थात् हे लोक अभावग्रस्त म्हणून निवडलेले नव्हते, ही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे.

दाह म्हणजे जखम वा जंतुसंसर्ग झाला असता शरीर उभारते ती संरक्षक प्रतिक्रिया होय. ती सौम्य रूपाने रेंगाळली म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन रक्तात वाढलेले दिसते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांपैकी निम्म्यांना इन्फ्लिक्सिमॅब हे दाहशामक औषध देऊन केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकंदर गटाला लाभ झाला नाही. मात्र ज्यांचे हे प्रथिन मुळातच वाढलेले होते, त्यांच्यात सुधारणेची चिन्हे दिसली. यावरून दाह हे सर्वांच्या नव्हे, पण काहींच्या विषण्णतेचे एक कारण असू शकेल, एवढेच म्हणता येते.

आहाराविषयी ऑस्ट्रेलियात ६७ रुग्णांची चाचणी झाली व २०१७ साली प्रसिद्ध झाली. भाज्या, फळे, कडधान्ये, मासे यांवर भर देणारा आहार १२ आठवडे सुचविलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. केवळ सोबत व संभाषण लाभलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. तथापि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक होते. शिवाय आहार येथे उपचारांना पर्याय म्हणून नव्हे, तर पूरक म्हणून योजला होता.

ड-जीवनसत्त्वाचा अभाव हाडांसाठी तरी भरून काढलाच पाहिजे. परंतु एका अव्ययावर विसंबून चालू मानसोपचार सोडून देणे, हे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.