वितळतार

तिन्हीसांजेची वेळ असावी, घरात दिवे नुकतेच लागलेले असावेत, आई स्वयंपाकात आणि मुले अभ्यासात गुंतलेली असावीत, आणि अकस्मात सारे घर अंधारात बुडून जावे, असा प्रसंग पुष्कळांनी अनुभवलेला असतो. खिडकीतून पाहावे, तो शेजारच्या घरी दिवे जळतच असतात. मग कोणीतरी म्हणते, "फ्यूज उडाला!" आणि त्या अंधाराचे सारे खापर बिचाऱ्या फ्यूजच्या माथी फुटते. वस्तुतः त्या क्षणी त्याने घरावर केवढा उपकार केलेला असतो, याची फार थोड्यांना कल्पना असते. तो उपकार कोणता, हे आपण या पाठात पाहू.

फ्यूज या इंग्रजी शब्दाचा एक अर्थच वितळणे असा आहे. मराठीत त्यासाठी 'वितळतार' हा अन्वर्थक शब्द योजला आहे. जुन्या घरांत विजेच्या मीटरजवळ चिनी मातीची पांढरी पेटी बसवलेली आढळते. तिचा एक भाग फळीवर पक्का असतो, तर दुसरा ओढून बाहेर काढता येतो. या सुट्या भागाच्या दोन टोकांना पितळी स्क्रू असतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीक तार ताणलेली असते. बहुधा ती कल्हई केलेल्या तांब्याची असते. किल्ल्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला जसे महाद्वारातूनच जावे लागते, तसे घरात येणाऱ्या विजेला या बोटभर तारेतूनच जावे लागते.

तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की तार तापते. इस्त्री आणि विजेची शेगडी याच गुणामुळे आपल्या उपयोगी पडतात. या उष्णतेचा नियम इंग्लंडमधील जेम्स जूल या शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केला. त्याने असे दाखवले की, प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट न होता चौपट होते, आणि प्रवाह तिप्पट झाला तर ती नऊपट होते. म्हणजे प्रवाह थोडा वाढला तरी धोका मात्र कितीतरी वाढतो.

हा प्रवाह वाढतो तरी कशाने? त्याची मुख्य कारणे दोन आहेत. पहिले कारण अतिभार. आपल्या घरी वीज २३० व्होल्ट दाबाने येते. १००० वॅटची इस्त्री चालू केली म्हणजे सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह वाहतो, आणि १५०० वॅटची किटली सुमारे ६.५ अँपिअर घेते. ही दोन्ही उपकरणे एकाच वेळी एकाच तारेवर लावली, तर ५ अँपिअरसाठी घातलेल्या तारेतून जवळजवळ ११ अँपिअर प्रवाह वाहू लागतो. बैलगाडीत दुप्पट ओझे लादावे, तसा हा प्रकार होय.

दुसरे कारण याहून भयंकर आहे. जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही तारांवर रबराचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण असते. ते झिजले अथवा उंदराने कुरतडले, आणि दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या, म्हणजे प्रवाहाला दिव्यातून किंवा पंख्यातून जाण्याचे कारणच उरत नाही. अडथळा नसलेली आडवाट त्याला सापडते आणि क्षणार्धात शेकडो अँपिअर प्रवाह उसळतो. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात. अशा वेळी त्याला रोखणारे कोणी नसेल, तर भिंतीतील तारा लाल होतात, त्यांचे आवरण पेट घेते, आणि पाहता पाहता आग छपरापर्यंत पोचते.

येथेच वितळतार आपले काम बजावते. भिंतीतील तारांपेक्षा ती मुद्दाम बारीक ठेवलेली असते, म्हणून ती सर्वांच्या आधी तापते, वितळते आणि तुटते. प्रवाहाची वाट बंद होते आणि घर वाचते. एरवी साखळीत एखादी कडी कच्ची असणे हा दोष समजला जातो. येथे मात्र एक कडी जाणूनबुजून कच्ची ठेवली आहे, आणि तिच्या कच्चेपणातच सर्वांची सुरक्षितता आहे. विजेच्या दिव्यांचा प्रसार करणाऱ्या थॉमस एडिसनने १८९० साली अमेरिकेत अशा रक्षक तारेचे पेटंट मिळवले.

ही तार तुटली म्हणजे काय करावे? वीज हे खेळणे नव्हे. म्हणून वितळतार बदलण्याचे काम घरातील जाणत्या माणसानेच करावे; मुलांनी फार तर दूर उभे राहून विजेरीचा प्रकाश धरावा. प्रथम सर्व उपकरणांची बटणे बंद करावीत आणि मुख्य स्विच बंद करावा. हात कोरडे असावेत आणि पायांखाली कोरडी लाकडी फळी असावी. मग सुटा भाग ओढून काढावा, जळक्या तारेचे तुकडे व काजळी पुसून काढावी, आणि पूर्वीच्याच अँपिअरची नवी तार दोन्ही स्क्रूंखाली नीट आवळावी. ती फार ताणू नये. सुटा भाग जागेवर बसवून मगच मुख्य स्विच चालू करावा आणि एकेक उपकरण सुरू करून पाहावे. एखादे उपकरण लावताच तार पुन्हा तुटली, तर दोष बहुधा त्याच उपकरणात आहे, असे समजावे. कोणतेही उपकरण न लावता ती तुटली, तर दोष भिंतीतील तारांत असण्याचा संभव असतो. अशा वेळी वायरमनला बोलावण्यातच शहाणपण आहे.

काही लोक याहून सोपा उपाय करतात. "तार सारखी तुटते, तर जाडच घालून टाकू," असे म्हणून ते तांब्याची जाड तार गुंडाळतात, किंवा केसांचा आकडाही अडकवतात. त्यानंतर फ्यूज उडत नाही, हे खरे. परंतु पहारेकऱ्याला बांधून ठेवले म्हणजे चोर येईनासे होतात काय? जाड तार वितळत नाही, म्हणून तिच्याऐवजी भिंतीतील तार वितळते, आणि ती कोठे पेटेल याचा नेम नसतो.

मोटारीतही अशाच वितळतारा असतात. मोटारीची बॅटरी अवघी १२ व्होल्टची असते, म्हणून तेथे भीतीचे कारण नाही, असे कोणाला वाटेल. परंतु दाब कमी असला की तेवढ्याच कामाला प्रवाह अधिक लागतो. ६० वॅटचा दिवा घरी जेमतेम पाव अँपिअर घेतो, तर मोटारीत तो ५ अँपिअर घेतो. शिवाय मोटारीचा लोखंडी सांगाडा हाच प्रवाहाच्या परतीचा मार्ग असतो. त्यामुळे एखादी तार घासून उघडी पडली आणि सांगाड्याला टेकली की शॉर्ट सर्किट झालेच. मोटारीतील फ्यूज पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बसवलेली धातूची चिंचोळी पट्टी असते. ती ओळखण्यासाठी रंग ठरलेले आहेत : १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा. इंजिन बंद करून, किल्ली काढून, उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच रंगाचा फ्यूज बसवावा, हा नियम मोटारवाले पाळतात.

आता नव्या घरांत वितळतारेची जागा एम. सी. बी. नावाच्या स्वयंचलित स्विचने घेतली आहे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की त्याची कळ आपोआप खाली पडते आणि दोष दूर केल्यावर ती पुन्हा वर करता येते. तार बदलण्याचा खटाटोप वाचला, तरी तत्त्व तेच राहिले. कारण न शोधता पडलेली कळ वरचेवर वर ढकलणे हे जाड तार घालण्यासारखेच अविचाराचे आहे.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. वितळतार घराचे रक्षण करते. विजेच्या धक्क्यापासून माणसाचे रक्षण ती करू शकत नाही. ५ अँपिअरची तार तुटायला ५ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो; पण एका अँपिअरच्या दहाव्या भागाइतका प्रवाह शरीरातून गेला तरी माणूस दगावू शकतो. म्हणून "फ्यूज आहे ना!" अशा भरवशावर ओल्या हाताने बटणाला किंवा उघड्या तारेला कोणीही कधी स्पर्श करू नये.

अंधार झाला की जीव उतावीळ होतो, आणि कसेही करून दिवा लावावा असे वाटते. तथापि तुटलेली तार आपल्याला काही सांगत असते. ती का तुटली, हे आधी शोधावे आणि नवी तार मग बसवावी. तोवर घटकाभर समईच्या उजेडात बसावे लागले, तरी काही बिघडत नाही.

अभ्यास
१. प्रवाह चौपट झाला, तर तारेत निर्माण होणारी उष्णता किती पट होईल?
२. 'एक कडी जाणूनबुजून कच्ची ठेवली आहे,' असे लेखकाने का म्हटले आहे?
३. तुमच्या घरी वितळतार आहे की एम. सी. बी., हे वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळी लिहा.