अंगणातली बाग : आधी बसायची जागा

आमच्या आईचा पाय घसरला तो देवाची फुले आणायला गेली तेव्हा. २०२२ चा जुलै महिना. खोपोलीत चार दिवस पावसाला खंड नव्हता. जास्वंदीपाशी शहाबादी फरशीवर शेवाळ धरले होते. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, घरात वॉकर आला. मी डॉक्टर. ‘मोरीत जपून’ असे रुग्णांना रोज बजावतो. स्वतःच्या अंगणातले शेवाळ मात्र मला दिसले नव्हते.

घरातल्या सर्वांनी ठरवले, आता बाग बंद. आई म्हणाली, “मग मी दिवसभर भिंतीकडे बघत बसू का रे?” तिचे बरोबर होते. वयस्कर माणूस बसून राहिले की स्नायू झिजतात, तोल बिघडतो आणि पुन्हा पडण्याची भीती वाढते. तेव्हा बाग मोडण्याऐवजी आम्ही ती नव्याने आखली.

वाचकहो, आपण आधी कुंड्या आणतो आणि उरल्या जागेत खुर्ची टाकतो. आम्ही उलटे केले. सकाळचे कोवळे ऊन कुठे येते ते आठवडाभर पाहिले आणि तिथे, दारापासून पाच-सहा पावलांवर, बाक बसवला. बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंच, मागे पाठ, दोन्ही बाजूंना हात. बैठक फार खाली असली की गुडघेदुखीच्या माणसाला उठवत नाही. हात नसले तर तो शेजारच्या कुंडीचा आधार घेतो आणि कुंडीसकट कलंडतो!

दारापासून बाकापर्यंत तीन फूट रुंद वाट केली. गुळगुळीत फरशी काढून खरबरीत सिमेंट, एका बाजूला ढाळ. आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस. सह्याद्रीच्या याच पावसाच्या भरवशावर १९१५ साली टाटांचे वीजगृह खोपोलीत सुरू झाले. असा पाऊस असताना कोणतीही वाट हिरवी होणारच. म्हणून पावसाळ्यात दर रविवारी ती खराट्याने घासायची. ते काम माझे.

बाकासमोर विटांचा दोन फूट उंच वाफा बांधला. खाली पाणी जायला भोके ठेवली. वाफा भिंतीला लागून असल्याने रुंदीही दोनच फूट. हात तेवढाच पोचतो. त्यात पानओवा, पुदिना, माठ, कडेला गवती चहा. आईला वाकावे लागत नाही, उकिडवे तर मुळीच बसावे लागत नाही. कण्हेर मात्र काढली. ती विषारी, आणि सुटीत नातवंडे येतात.

कुंड्या ऐंशीच्या वर होत्या, चोवीस ठेवल्या. बाकीच्या शेजाऱ्यांना दिल्या. आईने दोन दिवस अबोला धरला. पण रोज अर्ध्या तासात उरकेल तेवढीच बाग, हा हिशेब मी सोडला नाही. कुंड्या जास्त झाल्या की खालच्या ताटल्यांकडे लक्ष राहत नाही. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पाणी नुसते ओतून भागत नाही. अंडी काठाला चिकटून कोरडी महिनोन् महिने तग धरतात. आठवड्यातून एकदा ताटली घासायलाच हवी. पावसाळ्यात तर ताटल्या काढूनच ठेवाव्यात.

बाकामागे विटा, लाकडे, करवंट्या रचू नयेत. उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. सर्पदंश झालाच तर बांधणे, चिरणे यात वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावे. चिखलात अनवाणी उतरू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. मधुमेह्यांनी तर बागेत चप्पलही नको, बंद बूटच घालावेत. पायाला काटा लागलेला त्यांना कळतही नाही.

आता आई सकाळी सातला काठी टेकत बाकावर येते. पाणी बसूनच घालते, फुले मात्र उभी राहून तोडते. तक्रार एकच आहे. नव्या आखणीत अनंत सावलीत गेला आणि यंदा त्याला तीनच फुले आली. तो पूर्वीच्या जागी हलव, असे ती रोज सांगते. या रविवारी वाट घासून झाली की हलवणार आहे.