होळी विझली, राखेचे काय?

फाल्गुन पौर्णिमेची रात्र सरते, बोंबा मारून घसा बसलेली मुले झोपी जातात आणि धुळवडीच्या सकाळी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत गृहसंकुलांच्या आवारांत आणि चाळींच्या चौकांत राखेचे करडे ढीग उरतात. कुणी चिमूटभर राख कपाळाला लावतो, कुणी भाजलेल्या नारळाचा तुकडा शोधतो. त्यानंतर मात्र त्या ढिगाला वाली नसतो. ती राख कचऱ्याच्या डब्यात भरली जाते, जवळच्या झाडाच्या बुंध्याशी लोटली जाते किंवा पाण्याचा पाइप लावून गटारात सोडली जाते. तिन्ही मार्ग सोयीचे आहेत आणि तिन्ही चुकीचे आहेत.

उपनगरांना राख काही नवी नाही. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. त्याआधी साष्टीचा हा परिसर गावांचा, भातखाचरांचा आणि वाड्यांचा होता. ठाणे व कोकणपट्टीतला शेतकरी पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर डहाळ्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर देऊन ते जाळत असे. यालाच ‘राब’ म्हणतात. उष्णतेने तणांचे बी मरते आणि राखेतून रोपांना खनिजे मिळतात. घरात चूल होती, न्हाणीघरात बंब होता, भांडी राखेने घासली जात आणि दातांना राखुंडी लावली जाई. पुढे घरोघरी गॅस आला आणि राखेबरोबर तिच्याविषयीची समजही गेली.

राख मात्र पूर्णपणे गेलेली नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या आणि आरे परिसरातल्या आदिवासी पाड्यांवर आजही चुली पेटतात. गच्चीवरच्या मेजवानीची शेगडी, घरातला होम आणि वर्षातून एकदा येणारी होळी यांतूनही राख उरतेच. पाव भाजणाऱ्या लाकडी भट्ट्यांचा प्रश्न वेगळा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेचा विचार करून बेकऱ्यांना लाकूड व कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. घरच्या राखेचा विचार मात्र आपल्यालाच करायचा आहे.

राखेत असते काय?

लाकूड पूर्ण जळाले, तर त्याच्या वजनाच्या साधारण एक-दोन टक्केच राख उरते. गोवऱ्यांची राख त्याहून कितीतरी अधिक असते. झाडाने मातीतून शोषलेली न जळणारी खनिजे म्हणजे राख. तिच्यात सर्वाधिक वाटा चुन्याच्या संयुगांचा. त्याखालोखाल पोटॅश, थोडे स्फुरद, मॅग्नेशियम आणि सूक्ष्म खनिजे असतात. नत्र मात्र धुरावाटे निघून गेलेले असते. म्हणून राख हे पूर्ण खत नव्हे. पोटॅश हा शब्दच मुळी भांड्यात राख भिजवून, ते पाणी आटवून क्षार काढण्याच्या जुन्या पद्धतीवरून आला आहे.

राखेचा गुण आणि दोष एकच आहे. ती तीव्र अल्कधर्मी असते. मातीची आम्ल-विम्लता मोजणाऱ्या ‘सामू’ या मापावर ७ हा आकडा उदासीन मानला जातो. राखेचा सामू १० ते १३ पर्यंत जातो. म्हणूनच ओली राख हाताला झोंबते, डोळ्यांत गेली तर इजा करते आणि म्हणूनच ती तेलकट भांडेही स्वच्छ करते. राखेतला क्षार तेलाशी मिळून साबणासारखा पदार्थ तयार होतो आणि बारीक कण घासण्याचे काम करतात. पितळेच्या व लोखंडाच्या भांड्यांना ती चालते. ॲल्युमिनियमचे भांडे मात्र अल्कलीने काळवंडते व झिजते. ‘नॉन-स्टिक’ तव्यालाही राख लावू नये.

आधी निखारा, मग राख

‘राखेखालचा निखारा’ हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार शब्दशः खरा आहे. राखेचा थर उष्णता धरून ठेवतो. वरून थंड दिसणाऱ्या ढिगाच्या पोटात निखारा तीन-चार दिवसही जिवंत राहू शकतो. अशी राख प्लास्टिकच्या डब्यात, कागद-पुठ्ठ्यांच्या सोबतीला गेली, की आग डब्यात लागेल, कचऱ्याच्या गाडीत लागेल किंवा कचराभूमीवर. तेव्हा तिथे आपण नसतो. सफाई कामगार आणि कचरावेचक असतात. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचे कारण होळीची राख नव्हते, परंतु कचऱ्यातली आग म्हणजे काय, हे तिने दाखवून दिले. ती अनेक दिवस धुमसत राहिली, धूर दूरवर पसरला आणि जवळपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

खबरदारी साधी आहे. राख प्रथम फावड्याने पसरावी. तिच्यावर दुरूनच थोडे थोडे पाणी शिंपडून ती हलवावी. एकदम बादली ओतल्यास गरम वाफ आणि राख अंगावर उसळते. मग ती झाकणाच्या लोखंडी पिंपात भरून, पिंप मोकळ्या जागी, इमारतीच्या भिंतीपासून, वाहनांपासून व मीटरच्या खोलीपासून दूर, किमान चार दिवस ठेवावे. लाकडी फळीवर किंवा जिन्याखाली ते ठेवू नये. हातमोजे घालावेत आणि नाकातोंडावर कापड बांधावे.

कुंडीला किती?

थंड झालेली राख चाळून, कोळशाचे तुकडे व खिळे वेगळे काढून कोरडी ठेवावी. ती भिजली तर पोटॅश विरघळून वाहून जाते. बारा इंची कुंडीला एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम राख, वर्षातून एक-दोनदा पुरते. ती मातीत मिसळून पाणी द्यावे. टोमॅटो, मिरची, केळ यांना पोटॅश मानवते. कोवळ्या रोपांच्या मुळाशी आणि बी पेरलेल्या कुंडीत राख घालू नये. अनंत, एक्झोरा यांसारख्या आम्लधर्मी माती आवडणाऱ्या झाडांना ती मुळीच देऊ नये. त्यांची पाने पिवळी पडतात.

कोकणातल्या जोरदार पावसाने धुतल्या गेलेल्या आम्लधर्मी मातीला राख उपकारक ठरली. पण आपल्या गॅलरीतल्या कुंडीतली माती तशीच असेल असे नाही. शंका असल्यास आधी सामू तपासावा. युरियासारख्या खताबरोबर राख मिसळू नये, कारण त्यातले नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते. कंपोस्टच्या पिंपात मधूनमधून पातळ थर चालतो, गांडूळखतात मात्र तो टाळावा.

आता हिशेब पाहा. दोनशे किलो लाकडाच्या होळीतून दोन ते चार किलो राख उरते. चार किलो राख म्हणजे चारशे कुंड्यांचा एका वेळचा हप्ता! तीच राख आवारातल्या एकाच झाडाच्या बुंध्याशी ओतली, तर ते झाड चारशे कुंड्यांचा क्षार एकट्याने सोसते. गटारातली राख गाळ होऊन पावसाळ्यात पाणी तुंबायला हातभार लावते. म्हणून ती पुड्या करून वाटावी, उरलेली पुढच्या हप्त्यासाठी डब्यात ठेवावी. पेरणीसाठी राखलेल्या वाल-मुगाच्या बियांना चाळलेली कोरडी राख चोळण्याची जुनी रीतही उपयोगी आहे. तिचे बारीक कण किड्यांच्या अंगावरचा मेणचट थर खरवडतात आणि ते सुकून मरतात.

कोणती राख नको?

हे सारे फक्त स्वच्छ, न रंगवलेल्या लाकडाच्या राखेला लागू आहे. रंगवलेली दारे, प्लायवूड, जुने फर्निचर, प्लास्टिक किंवा टायर जाळून उरलेल्या राखेत शिशासारखे जड धातू असू शकतात. दगडी कोळशाची आणि डास पळवणाऱ्या अगरबत्तीची राखही बागेत नको. ती पूर्ण थंड करून, घट्ट बांधून, त्यात काय आहे हे सांगूनच सफाई कामगाराच्या हाती द्यावी. खरे तर अशा वस्तू जाळूच नयेत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली होती.

होळीची वर्गणी काढताना लाकडे, गोवऱ्या, नारळ, पुरणपोळी या साऱ्यांचा विचार होतो. त्या यादीत झाकणाचे एक लोखंडी पिंप आणि एक चाळणी यांची भर घातली, तर राखेचा प्रश्न आवारातच सुटेल. आणि धुळवडीनंतर आपला कचरा उचलणाऱ्याच्या हाती निखारा जाणार नाही.