कर्तृत्वाच्या वाटा (भाग ६) : काचांवरचं आकाश

२३ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१७ साली जाहीर केला आणि २०१८पासून तो पाळला जातो. त्याचं निमित्त साधून या भागात बधिर स्त्रियांच्या कर्तृत्वाकडे वळू. त्यांचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, देव एक काढून घेतो आणि दुसरं देतो. मला हे अजिबात पटत नाही. असं म्हटलं की त्या बाईची वर्षानुवर्षांची मेहनत देवाच्या खात्यावर जमा होते. तिच्यासाठी आपण काही करायला हवं होतं का, हा प्रश्नही तिथेच मिटतो. आज ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांच्यासाठी कुणीतरी दार उघडलं होतं, किंवा त्यांनी स्वतः ते उघडायला भाग पाडलं होतं. ते दार नेमकं कोणतं, हे पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेपासून सुरुवात करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काचेच्या तबकड्यांवर घेतले जात. त्या तबकड्या तपासायला, मोजायला आणि नोंदी करायला संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी स्त्रिया नेमल्या. पगार तासाला २५ सेंटच्या आसपास. रात्री दुर्बिणीपाशी बसणं पुरुषांकडे आणि दिवसा भिंगातून काच न्याहाळणं बायकांकडे, अशी वाटणी होती. या कामाला कानांची गरज नव्हती. अॅनी जंप कॅनन आणि हेन्रिएटा स्वान लेव्हिट या दोन बधिर स्त्रियांनी आधुनिक खगोलशास्त्राच्या पायात भर घातली ती याच टेबलांवर.

कॅनन यांचा जन्म १८६३चा, डेलावेअरमधल्या डोव्हरचा. नक्षत्रं ओळखायला त्यांना आईने शिकवलं. वेलस्ली कॉलेजात भौतिकशास्त्र शिकून १८८४ साली त्या पदवीधर झाल्या. ऐकणं तरुणपणीच जवळजवळ गेलं. १८९६ साली त्या हार्वर्डला आल्या आणि आयुष्यभर तिथेच राहिल्या. दुर्बिणीपुढे लोलक बसवला की ताऱ्याचा प्रकाश फाकून त्याचा छोटा पट्टा उमटतो आणि त्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसतात. या रेघा वाचून तारा कोणत्या गटातला हे ठरवायचं, असं त्यांचं काम. आधीच्या किचकट पद्धती मोडून त्यांनी ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असा क्रम लावला. हा क्रम तापमानाचा आहे हे पुढे स्पष्ट झालं : ओ सर्वांत तप्त, एम सर्वांत थंड आणि आपला सूर्य जी गटातला. कॅनन भिंगातून पाहत गट सांगत जायच्या आणि शेजारची सहायक तो लिहून घ्यायची. हात बसल्यावर मिनिटाला तीन ताऱ्यांपर्यंत त्यांचा वेग गेला होता. १९१८ ते १९२४ या काळात निघालेल्या हेन्री ड्रेपर सूचीच्या नऊ खंडांत २,२५,३०० तारे आहेत. त्यांनी आयुष्यात एकूण साडेतीन लाखांच्या आसपास ताऱ्यांचं वर्गीकरण केलं. १९२२ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्यांची पद्धत स्वीकारली आणि आजचा विद्यार्थीही तीच शिकतो. ऑक्सफर्डची मानद डॉक्टरेट त्यांना १९२५ साली मिळाली. हार्वर्डने मात्र रीतसर पद दिलं ते १९३८ साली, वयाच्या पंचाहत्तरीला टेकल्यावर.

लेव्हिट यांच्याविषयी मी थोडं अधिक लिहिणार आहे, कारण त्यांच्यावर झालेला अन्याय मोठा आहे. जन्म १८६८ चा. पदवीनंतर त्या वेधशाळेत बिनपगारी काम करू लागल्या. मध्ये आजारपणं आली, ऐकणं कमी होत गेलं. १९०२ नंतर त्या पूर्णवेळ रुजू झाल्या. ज्यांचा प्रकाश कमीजास्त होतो असे तारे शोधण्याचं काम त्यांना दिलं होतं. पेरूतल्या दुर्बिणीने टिपलेले, मॅगेलनी मेघ नावाच्या ताऱ्यांच्या समूहांचे फोटो एकमेकांशी ताडून त्यांनी १९०८ साली अशा १,७७७ ताऱ्यांची यादी छापली. त्याच लेखात एक निरीक्षण आहे : त्यातल्या काही ताऱ्यांत जे अधिक तेजस्वी, त्यांना उजळून पुन्हा मंद व्हायला जास्त दिवस लागतात. १९१२ साली लहान मॅगेलनी मेघातले २५ तारे घेऊन त्यांनी हे नातं पक्कं केलं.

याचं महत्त्व समजायला अंधारातल्या रस्त्यावरचा दिवा आठवा. दिवा मिणमिणता दिसला तर तो लहान आहे की लांब आहे, हे सांगता येत नाही. त्याची खरी ताकद माहीत असेल तरच अंतर काढता येतं. ताऱ्यांच्या बाबतीत अडलं होतं ते इथेच. लेव्हिट यांनी दाखवलं की या प्रकारच्या ताऱ्याच्या चढउताराचे दिवस मोजा, म्हणजे त्याचं खरं तेज कळेल. ते तेज आणि आपल्याला दिसणारं तेज यांची तुलना केली की अंतर निघतं. १९२३ साली एडविन हबल यांना देवयानी तेजोमेघात असाच एक तारा सापडला. लेव्हिट यांच्या नियमाने अंतर काढल्यावर कळलं की देवयानी आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे आहे आणि ती स्वतःच एक दीर्घिका आहे. माणसाला माहीत असलेलं विश्व तेव्हा अचानक अफाट झालं.

हे पाहायला लेव्हिट नव्हत्या. १२ डिसेंबर १९२१ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. हे नातं ज्यात मांडलं त्या १९१२च्या पत्रकावर सही पिकरिंग यांची होती. मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केल्याचं पहिल्याच वाक्यात नोंदवलं होतं, एवढंच. १९२५ साली स्वीडनचे गणिती मिटाग-लेफ्लर यांनी नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवण्याच्या विचाराने पत्र लिहिलं, तेव्हा त्या हयात नसल्याचं त्यांना कळलं. नोबेल मरणोत्तर देत नाहीत.

लेव्हिट यांनी अभ्यासलेल्या या ताऱ्यांना ज्याच्यावरून सेफिड म्हणतात, त्या डेल्टा सेफी ताऱ्याचा चढउतार १७८४ साली यॉर्कच्या जॉन गुडरिक या तरुणाने टिपला होता. तोही बधिर होता.

इतर क्षेत्रांतल्या काही जणींविषयी थोडक्यात सांगतो. लॉरा रेडन सिअरिंग शाळकरी वयात मेंदुज्वराने बधिर झाल्या. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात त्यांनी एका वृत्तपत्रासाठी वॉशिंग्टनहून बातमीदारी केली. मुलाखती घेताना कागद-पेन्सिलवर प्रश्न लिहून देत आणि उत्तर लिहून घेत. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बधिर झाल्या होत्या. तालवाद्यांची कंपनं अंगाने टिपायला त्यांना त्यांच्या शिक्षकांनी शिकवलं. लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ म्युझिकने आधी नकार दिला. वाजवणं ऐकून काय ते ठरवा, माझ्या कानांवरून ठरवू नका, असा आग्रह त्यांनी धरला आणि प्रवेश मिळवला. अशा कारणावरून वाजवणं न ऐकताच अर्ज फेटाळायचा नाही, ही रीत त्यातूनच पडली. मदुराईची बॅडमिंटनपटू जर्लिन अनिका हिने मे २०२२मध्ये ब्राझीलमधल्या डेफलिंपिक्स या बधिर खेळाडूंच्या स्पर्धेत तीन सुवर्णपदकं जिंकली.

आपल्या देशातलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं उदाहरण बंगळूरुच्या अॅडव्होकेट सारा सनी यांचं आहे. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका प्रकरणाची ऑनलाइन सुनावणी होती. सारा यांच्यासाठी दुभाषा सांकेतिक भाषेत कामकाज सांगणार होता, पण दोघांनाही एकत्र पडद्यावर दिसण्याची परवानगी आधी मिळाली नव्हती. सहकारी वकिलांनी विनंती केली, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी ती मान्य केली आणि सारा यांना दुभाष्यामार्फत सुनावणीत भाग घेता आला. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने त्यांच्यासाठी स्वतःच दुभाष्याची व्यवस्था केली. कायद्याचं ज्ञान सारा यांच्याकडे आधीपासून होतं. त्या दिवशी बदलली ती पडद्यावरची एक चौकट.

भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. दोन-चार खुणा शिकून तिच्यातून वकिली, बँकेचं काम किंवा डॉक्टरांशी बोलणं होत नाही. त्यासाठी प्रशिक्षित दुभाषे लागतात. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत त्यांचा अभ्यासक्रम चालतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही शिक्षणात सांकेतिक भाषेचा वापर वाढवायला आणि ती जाणणारे शिक्षक नेमायला सांगितलं आहे.

तुम्ही एखाद्या शाळेच्या, महाविद्यालयाच्या, बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या व्यवस्थापनात असाल, तर या आठवड्यात एवढं करा : बधिर मुलगी प्रवेशाला, मुलाखतीला किंवा तपासणीला आली तर दुभाषा कोण बोलावणार आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून देणार, हे आजच ठरवून कागदावर लिहून ठेवा. ती दारात उभी राहिल्यावर शोधाशोध करू नका.