शक्तिमान ठीक, पण गंगाधर कोण?

अंधेरीहून बोरिवली लोकल, लेडीज डबा आणि आमचं सॉलिड भांडण: रणवीर सिंग शक्तिमान म्हणून शोभेल का? २०२२मध्ये सिनेमाची घोषणा झाली, रणवीरचं नाव चर्चेत आलं. मार्च २०२४मध्ये मुकेश खन्नांनी साफ विरोध केला. केवढाही स्टार असो, अशा इमेजचा माणूस शक्तिमान होऊच शकत नाही म्हणे.

‘‘अगं, बॉडी बघ ना त्याची!’’ मैत्रीण म्हणाली.

पण बॉस, १९९७च्या दूरदर्शनवरच्या शक्तिमानकडे सिक्स पॅक कुठे होते? मरून सूट होता आणि ‘महाभारत’मधल्या भीष्मांचा तो भारदस्त आवाज. शिवाय माझ्या मते अर्धी मजा गंगाधरची. पुढे आलेले दात, चष्मा, गीता विश्वाससमोर उडणारी धांदल! चौथीत मला चष्मा लागला आणि वर्गात माझं नाव पडलं ‘गंगाधर’. वरवर चिडायचे, मनातून खूश. गंगाधरच्या आत कोण असतं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं ना!

‘‘रणवीर ते दात लावेल?’’ मी विचारलं.

‘‘‘८३’मध्ये कपिल देव कोण झाला होता?’’

च्यायला, हे माझ्या लक्षातच नव्हतं. तेवढ्यात बोरिवली आलं.