कुत्र्याच्या अंगावरची गाठ आणि दुसरे मत

कुत्र्याच्या कातडीखाली हाताला लागणारी गाठ चरबीची आहे की कर्करोगाची, हे केवळ बोटांनी चाचपून खात्रीने सांगता येत नाही, हे पशुवैद्यकशास्त्राने फार पूर्वीच मान्य केलेले असले, तरी व्यवहारात गाठीबद्दलचा पहिला निर्णय बहुधा बोटांच्या भरवशावरच दिला जातो. गाठ मऊ लागली, कातडीखाली सरकली आणि कुत्रा नीट खातपीत असला, की ती ‘साधी’ ठरते. कडक लागली, की ‘काढून टाकू’ असे सांगितले जाते. या दोन्ही निर्णयांविषयी मालकाच्या मनात शंका उरली, तर दुसऱ्या पशुवैद्यकाचे मत घेणे रास्तच आहे. मात्र दुसऱ्या डॉक्टरांनीही तीच गाठ चाचपून तेच सांगितले, तर त्याला दुसरे मत म्हणता येणार नाही, कारण पुरावा पहिल्या वेळी जेवढा होता तेवढाच राहिलेला असतो.

मध्यमवयीन आणि वजन वाढलेल्या कुत्र्यांमध्ये चरबीच्या गाठी सर्रास होतात आणि त्या बहुतांशी निरुपद्रवी असतात. परंतु मास्ट पेशींचा कर्करोग, जो कुत्र्यांच्या त्वचेच्या घातक गाठींमध्ये सर्वाधिक आढळतो, तोही हाताला हुबेहूब तसाच लागू शकतो. मास्ट पेशी या शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील पेशी असून त्यांच्या आत हिस्टामिन, हेपॅरिन यांसारखी द्रव्ये कणांच्या रूपाने साठवलेली असतात. गाठ दाबली वा चोळली गेली की ही द्रव्ये बाहेर पडतात, ती जागा लाल होऊन सुजते आणि काही वेळाने सूज ओसरते, त्यामुळे ‘गाठ आपोआप कमी झाली’ असे समजून घरची मंडळी निर्धास्त होतात. बॉक्सर, पग, लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींमध्ये हा रोग अधिक दिसतो, आणि यांपैकी लॅब्रेडॉर व पग आपल्याकडे घरोघरी आहेत. याउलट, तरुण कुत्र्याच्या डोक्यावर किंवा पायावर अचानक उठणारी लालबुंद, बटणासारखी गाठ पाहून घरातील सर्वांच्या काळजाचा ठोका चुकतो, पण ती हिस्टिओसायटोमा प्रकारची असेल, तर सहसा दोन-तीन महिन्यांत स्वतःहून विरून जाते.

ही शंका फेडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सुईने पेशी काढून तपासणे, ज्याला दवाखान्यात एफएनएसी म्हणतात. २२ किंवा २३ गेजची बारीक सुई गाठीत घालून आतल्या आत तिची दिशा दोन-तीनदा बदलली जाते, सुईच्या पोकळीत आलेला नमुना सिरिंजमधील हवेच्या दाबाने काचपट्टीवर सोडला जातो, दुसऱ्या काचपट्टीने तो अलगद पसरवला जातो आणि वाळल्यावर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. यासाठी भूल सहसा द्यावी लागत नाही. चरबीच्या गाठीतला नमुना तेलकट दिसतो व नीट वाळत नाही, तर मास्ट पेशी जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या दिसतात. काही झटपट रंगद्रव्यांमध्ये मात्र हे कण उमटतच नाहीत, आणि अशा वेळी काचपट्टी वेगळ्या पद्धतीने रंगवण्याची सूचना करणारा अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, निदानाची दिशाच बदलू शकतो. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी, अथवा महिनाभर टिकलेली कोणतीही गाठ सुईने तपासावी, असा साधा नियम प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञांमध्ये रूढ आहे. या तपासणीलाही मर्यादा आहेत. सार्कोमा, म्हणजे स्नायू व संयोजी ऊतींमधून उद्भवणारे कर्करोग, पेशी सहजासहजी सोडत नाहीत, म्हणून ‘पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत’ या शेऱ्याचा अर्थ ‘कर्करोग नाही’ असा कधीही घेऊ नये. तेथे गाठीचा लहान तुकडा काढून बायॉप्सी करणे भाग असते.

दुसरे मत घेण्याची खरी वेळ शस्त्रक्रियेपूर्वीची असते, आणि हीच गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते. सार्कोमाभोवती अनेकदा एक आवरण दिसते, ज्यामुळे गाठ सालीतून सोलून काढावी तशी अलगद निघते आणि शस्त्रक्रिया उत्तम झाल्यासारखे वाटते. परंतु ते आवरण दाबल्या गेलेल्या कर्करोगाच्याच पेशींचे बनलेले असल्याने रोगाचा अंश मागे राहतो व गाठ त्याच जागी पुन्हा वाढते. असा अंश मागे राहू नये म्हणूनच मास्ट पेशींच्या गाठीसाठीही भोवतालची सुमारे दोन सेंटिमीटर निरोगी त्वचा आणि खालचा एक पदर सोबत काढण्याची पद्धत आहे. पंजावर किंवा पापणीजवळ एवढी जागा मिळत नाही, आणि एकदा अपुरा छेद घेतला गेला की दुसऱ्या शस्त्रक्रियेत कातडी कमी पडते व रोगाची कडही ओळखू येत नाही. गाठ कशाची आहे हे छेद घेण्याआधी कळले, तर छेद केवढा घ्यायचा हे ठरवता येते.

शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या अहवालावरही दुसरे मत घेता येते. मास्ट पेशींच्या कर्करोगाची तीव्रता १९८४ पासून पटनायक यांच्या त्रिस्तरीय वर्गीकरणाने मोजली जात होती. २०११ साली किउपेल आणि सहकाऱ्यांनी ९५ गाठींचे नमुने २८ विकृतिशास्त्रज्ञांना दाखवले, तेव्हा तिसऱ्या श्रेणीबाबत ७५ टक्के, तर पहिल्या व दुसऱ्या श्रेणीबाबत ६४ टक्क्यांहूनही कमी एकमत आढळले, आणि त्यातूनच केवळ ‘सौम्य’ व ‘तीव्र’ अशी द्विस्तरीय पद्धत पुढे आली. एकाच नमुन्याकडे पाहून जाणकारांचीही मते वेगळी पडतात, हे ध्यानात घेतल्यास दुसरे मत मागण्यात कोणाचाही अवमान नाही हे पटावे. गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जतन केलेले असतात व त्यांतून नवे काप काढता येतात, त्यामुळे कुत्र्याला पुन्हा त्रास न देता हे काम होते.

भारतात, विशेषतः भटक्या आणि मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांमध्ये, आढळणारा एक कर्करोग येथे आवर्जून सांगितला पाहिजे. समागमातून पसरणारा हा अर्बुद, ज्याला पशुवैद्यक टीव्हीटी म्हणतात, जिवंत कर्करोगपेशी एका कुत्र्यातून दुसऱ्यात गेल्याने होतो; हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींचे वंशज आज जगभरच्या कुत्र्यांच्या अंगावर वाढत आहेत. जननेंद्रियावर, किंवा हुंगण्याच्या सवयीमुळे कधी नाकातही, फुलकोबीसारखी दिसणारी व सतत रक्त गळणारी ही गाठ पाहून कापाकापीचा, कधी तर कुत्र्याला कायमचे झोपवण्याचाही सल्ला दिला जातो. वास्तविक सुईच्या तपासणीत ती सहज ओळखू येते आणि व्हिन्क्रिस्टिनच्या आठवड्याला एक याप्रमाणे दिलेल्या शिरेतील इंजेक्शनांनी, सहसा चार ते सहा मात्रांमध्ये, बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. दुसऱ्या मताने प्राण वाचल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

महाराष्ट्रात अशा मतासाठी परळचे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, सातारा जिल्ह्यातील शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय किंवा नागपूरचे महाविद्यालय येथे जाता येते, कारण तेथे शल्यचिकित्सा व विकृतिशास्त्र हे स्वतंत्र विभाग आहेत. पहिल्या डॉक्टरांकडे ‘शस्त्रक्रियेआधी एकदा पॅथॉलॉजिस्टचे मत घ्यायचे आहे, काचपट्ट्या मिळतील का?’ असे सरळ विचारावे. तालुक्याच्या गावी एकच डॉक्टर वर्षानुवर्षे घरचे झालेले असतात, त्यामुळे संकोच वाटणे स्वाभाविक आहे, पण असे विचारणे टाळून गुपचूप दुसरीकडे गेल्यास आधीचे कागद आणि औषधांची माहितीच सोबत जात नाही. ही माहिती अत्यंत मोलाची असते. प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड आधी दिले गेले असेल, तर मास्ट पेशींची गाठ तात्पुरती आक्रसते, आणि जबड्याखाली, खांद्यापुढे व गुडघ्यामागे लसिका ग्रंथी सुजवणाऱ्या लिम्फोमाचे निदान अवघड होऊन त्यावरची पुढील केमोथेरपीही कमी परिणामकारक ठरते.

दुसऱ्या मतासाठी एक-दोन आठवडे लागले तर सहसा बिघडत नाही, महिने मात्र जाऊ देऊ नयेत. फुटलेली, रक्तस्राव न थांबणारी किंवा श्वासाला अडथळा करणारी गाठ असेल, तर जवळच्या डॉक्टरांकडे तत्काळ जावे, आणि काढलेली गाठ फेकून न देता तिच्या दहापट दहा टक्के फॉर्मलिनमध्ये पूर्ण ठेवावी. मात्र सुईच्या तपासणीच्या काचपट्ट्या या गाठीसोबत एकाच पुडक्यात ठेवू नयेत, कारण फॉर्मलिनच्या वाफेने त्यांच्यावरील पेशींना नीट रंग चढत नाही.