फोर्कलिफ्टचा कोड काय सांगतो?

इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट अडला की सगळे आधी कोड बघतात आणि थेट पार्ट मागवतात. माझ्या मते गडबड इथेच होते. मित्रांनो, कोड म्हणजे कंट्रोलरची तक्रार. दोषी कोण, ते आपण शोधायचं.

कर्टिसच्या १२३६ आणि १२३८ कंट्रोलरवर दोन दिवे असतात. लाल एकदा लुकलुकला की नंतरचे पिवळे मोजा, तो पहिला अंक. लाल दोनदा, मग पिवळे, तो दुसरा. २३ म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. मग बॅटरी गेली? थांबा! ट्रेनिंगला मी बघितलेल्या एका ४८ व्होल्टच्या गाडीसाठी नवी बॅटरी मागवायची तयारी झाली होती, म्हणजे लाखांचा मामला. उभ्या गाडीत सगळं ठीक. लोड आला की बॅटरीच्या टोकांवर ४५ व्होल्ट, पण कंट्रोलरपाशी ३९! मधला कनेक्टर काळवंडलेला. ३०० अँपिअर वाहताना ०.०२ ओहमसुद्धा ६ व्होल्ट खातो, आणि १८०० वॅट उष्णता होते. आपल्या (बंदी असलेल्या!) पाणी तापवायच्या कॉइलपेक्षा जास्त. साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर एवढासा रेझिस्टन्स नीट कळत नाही. ड्रॉप लोडवरच मोजायचा.

४७ आला तर बहुतेक वेळा बिघाड नसतोच. चावी फिरवण्याआधी पेडल दाबलं की गाडी एकदम सुटू नये म्हणून कंट्रोलर अडवतो. पाय काढला की निघते. तरी कोड राहिला, तर थ्रॉटलचं वायरिंग तपासा.

आणि हो, हातातली अंगठी, कडं आधी काढा. बॅटरी सोडवली तरी कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. तो उतरवल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नका.